चपला आणि विंडोज बाहेर

आगाशेकाकांनी खोली भाड्याने देण्यासाठी सिंगापूरमधल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली जाहिरात मी अजून जपून ठेवली आहे. 'बुकित पंजांग. एलआरटी स्टेशनपासून चार मिनिटं. मुलगी हवी. शाकाहारी. सिगारेट नाही. विंडोज नाही.'

खोलीला खिडक्या नाहीत, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलंय, असा मी अर्थ लावला आणि बघायला गेले.

फ्लॅटच्या दाराबाहेर चपलांचं रॅक होतं. खालच्या दोन फळ्यांवर चपला आणि सर्वांत वरच्या फळीवर, एका सँडलच्या जोडाशेजारी, एक चांगला नवा लॅपटॉप. मी तो कोणी विसरलं असेल म्हणून उचलून आत द्यायला लागले, तर दारात उभे असलेले काका म्हणाले, "राहू दे. भाचा आलाय हिचा. तिकडचा आहे."

"तिकडचा म्हणजे?"

"विंडोजवाला. या घरात चपला आणि विंडोज बाहेर." मग माझ्याकडे नीट बघून, "तुझी कोणती सिस्टीम?"

आतून नीलाकाकू ओरडल्या, "अहो, आधी पाणी तरी द्या तिला! मुलगी बघायला आलात का?"

मला दोन आठवड्यांत चार ठिकाणी नकार मिळाला होता. आतून फोडणीचा वास येत होता. दारावर पेंग्विनचं स्टिकर होतं आणि तो लिनक्सचा पक्षी आहे, एवढं मला माहीत होतं. मी सहसा खोटं बोलत नाही, कारण मी सहसा बोलतच नाही. पण त्या दिवशी म्हणाले, "लिनक्स."

खोली मिळाली. तिला दोन खिडक्या होत्या.

काका साठीचे. तरुणपणी सिंगापूरला कॉम्प्युटरच्या नोकरीवर आले आणि इथलेच झाले. घराघरात मोडेमवरून मेल यायला लागली त्या काळात परदेशातल्या मराठी कॉम्प्युटरवाल्यांची एक मेलिंग लिस्ट होती. एकाने पत्र लिहिलं की ते सगळ्यांना जायचं. रोमन लिपीत, मराठीत. मूळ हेतू दिवाळी अंकांची देवाणघेवाण हा होता म्हणे, पण थोड्याच दिवसांत लिस्टचे दोन तट पडले. एका बाजूला विंडोज, दुसऱ्या बाजूला लिनक्स, म्हणजे फुकट मिळणारी, पण स्वतःच जोडायची, स्वतःच दुरुस्त करायची सिस्टीम. काका लिनक्सचे सेनापती. पलीकडचा सेनापती मस्कतचा कोणी मोघे. हे दोघे एकमेकांना कधीही भेटले नव्हते आणि रोज भांडत होते.

"ऑफिसातून यायचे, बूट न काढता बसायचे," काकू सांगतात. "मी म्हणायची, अहो, माझ्याशी भांडा ना, मी इथे आहे! तर म्हणायचे, तुझं म्हणणं मुद्देसूद नसतं."

त्या लिस्टवर एक पद्धत होती. समोरच्याचं वाक्य आधी जसंच्या तसं उतरवायचं आणि मग त्याच्याखाली त्याला तोडायचं. लिस्ट केव्हाच बंद पडली, पण काका अजून तसंच बोलतात.

"काका, आज एलआरटी बंद आहे का?"

"आज एलआरटी बंद आहे का. दोन मुद्दे. एक, बंद नाही, उशिरा आहे. दोन, सकाळी स्टेशनवर पाटी लावली होती, ती तू वाचली नाहीस."

"चला जेवायला," काकू.

"चला जेवायला. भात झालाय याला पुरावा?"

"कुकरच्या तीन शिट्ट्या."

"कुकरच्या तीन शिट्ट्या. मॅन्युअलमध्ये चार आहेत."

मॅन्युअल हा त्यांचा दुसरा शब्द. कोणी काहीही विचारलं की आधी, "मॅन्युअल वाचलंस?" मिक्सरचं, पंख्याचं, पाण्याच्या फिल्टरचं, सगळी मॅन्युअलं त्यांनी फाइल करून ठेवली आहेत. काकू म्हणतात, लग्नाला मॅन्युअल नव्हतं म्हणून फसले.

हे ऐकून हसू येतं, पण मी त्या घरात आठ महिने हसू दाबून राहिले, कारण माझ्या खोलीत पलंगाखाली बॅगेत विंडोज होतं. कॉलेजपासूनचा माझा जुना, जाडजूड लॅपटॉप. तो मी दार लावून, आवाज बंद करून उघडायची. काका दर रविवारी वायफायवर कोणकोणती मशीन आहेत त्याची यादी बघतात, हे कळल्यावर मी त्याचं नाव बदलून 'पेंग्विन-सई' ठेवलं. रविवारी काका म्हणाले, "छान नाव आहे." मी आणखी पोहे वाढून घेतले.

काकूंना माहीत होतं. एकदा झाडू मारताना त्यांनी बॅग ओढली, आत बघितलं आणि परत सरकवली. संध्याकाळी फक्त म्हणाल्या, "जपून गं."

आणि मग एका गुरुवारी काकांनी जाहीर केलं, "वर्षातून एकदा मी घरातली सगळी मशीन तपासतो. शनिवारी दहाला तुझं."

मला गुरुवारी आणि शुक्रवारी झोप नीट लागली नाही. खोली जाईल ही एक भीती आणि आठ महिने खोटं बोलले ते उघडं पडेल ही दुसरी. शनिवारी सकाळी सात वाजता काका-काकू बाजाराला गेल्यावर मी ठरवलं, दहाच्या आत या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचं. दोन्ही सिस्टीम शेजारी शेजारी राहू शकतात, असं मी वाचलं होतं. कसं, ते शोधताना एका जुन्या फोरमवर माझाच प्रश्न सापडला. कोणीतरी काही वर्षांपूर्वी विचारलेला: मी विंडोजवाला आहे, लिनक्स टाकताना कोणता पर्याय निवडू? खाली उत्तर होतं: 'विंडोजवाल्यांनी पहिला पर्याय निवडावा. सगळं आपोआप होतं. जपून ठेवण्यासारखं तुमच्याकडे तसंही काही नसतं.' आणि पुढे हसरा चेहरा.

मला तो हसरा चेहरा धीर देणारा वाटला. मी पहिला पर्याय निवडला.

पट्टी निम्म्यावर आल्यावर पडद्यावरचं वाक्य मी पुन्हा वाचलं. पूर्ण डिस्क पुसली जात होती. मी बटण दाबून धरलं, लॅपटॉप बंद केला आणि जमिनीवर बसले.

त्यात काय होतं ते सांगते. मी नोव्हेनाला एका हॉस्पिटलच्या ऑफिसात काम करते आणि सोबत पार्ट-टाइम मास्टर्स करते. प्रबंधासाठी मी अकरा नर्सेसच्या मुलाखती घेतल्या होत्या. घर सोडून इथे राहण्याबद्दल त्या माझ्याशी तासन्‌तास बोलल्या होत्या. नियमाप्रमाणे ती रेकॉर्डिंग ऑनलाइन कुठेही ठेवायची नव्हती. फक्त माझ्या मशीनवर. त्यातल्या तिघी नोकरी सोडून आपापल्या देशात परतल्या होत्या. प्रबंध द्यायला नऊ दिवस उरले होते.

काका आले तेव्हा मी लॅपटॉप मांडीवर घेऊन हॉलमध्ये बसले होते. मी सगळं सांगितलं. विंडोज, पलंगाखालची बॅग, पेंग्विन-सई, पहिला पर्याय. एवढं सलग मी त्या घरात कधी बोलले नव्हते. काकूंच्या हातात भाजीची पिशवी तशीच होती.

मी वाट बघत होते, काका माझं वाक्य उचलतील आणि खाली मुद्दे घालतील.

"कोणी सांगितलं पहिला पर्याय निवड म्हणून?"

मी फोनवर ते उत्तर दाखवलं. त्यांनी वाचलं. मोठ्याने उच्चारलं नाही.

"हे वाचून तू हसली नाहीस?"

"नाही. मला वाटलं, ते मदत करतायत."

काका खुर्चीत बसले. "मी नाही हात लावणार याला," ते म्हणाले.

काकूंनी पिशवी खाली ठेवली. "अहो, पोरीचं आयुष्य आहे त्यात. विंडोज असलं म्हणून काय झालं?"

"विंडोजचं नाही, नीला." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "माझ्या हातून राहिलेलंही गेलं तर?"

"तर जाईल. पण तुम्ही नाही बघितलं तर गेलेलंच आहे."

काकू त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या. काका उठले, हात धुतले, पुसले आणि लॅपटॉप टेबलावर घेतला.

"लगेच बंद केलास ना?"

"निम्म्यावर."

"शहाणी आहेस. शिवाय जुनी फिरती डिस्क आहे, तिच्यावर पुसलेलं मागे राहतं, हे नशीब." मला समजावं म्हणून ते सावकाश बोलत होते. "वही जळलेली नाही. अनुक्रमणिका फाटलीये आणि काही पानांवर दुसरं लिहिलं गेलंय. कोणत्या पानांवर, ते बघायचं. पण आधी अख्ख्या वहीची प्रत काढायची. मूळ वहीवर आपण काम करायचं नाही."

प्रत काढायला पाच तास लागणार होते. प्रत्येक कमांड लिहून झाल्यावर ते थांबायचे आणि म्हणायचे, "वाच." मी अक्षर न अक्षर वाचायची. मग पुन्हा, "आता उलटीकडून वाच." मगच एंटर.

दुपारी काकूंनी ताटं तिथेच आणून दिली. काकांनी घास घेतला नाही. पडद्यावरचे आकडे सरकत होते आणि त्यांच्याकडेच बघत ते म्हणाले, "मोघे एकदा आमच्या बाजूला आला होता."

मी गप्प बसले. मला ते जमतं.

"दोन वर्षं भांडल्यावर. लिस्टवर नाही, मला एकट्याला पत्र. आगाशे, तुमचं लिनक्स टाकलंय, डिस्क भरलीये, जागा कशी करू? मला वाटलं, सापळा आहे. मला हसायला निमित्त हवं होतं, असंही असेल. मी ते पत्र सगळ्यांपुढे टाकलं आणि खाली एक ओळीचं उत्तर दिलं. ती ओळ चालवली की सगळं पुसलं जातं. आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत असायचं. लोक दिवसभर हसले."

"आणि त्यांनी ती चालवली?"

"मी सांगितली म्हणून चालवली." काकांनी चष्मा काढला. "दोन दिवसांनी त्याचं पत्र आलं. आगाशे, सगळं गेलं. बाबांच्या आठवणी त्यात होत्या. वडील आजारी असताना त्यांच्याकडून सांगून घेऊन टाइप केल्या होत्या त्याने. नंतर ते गेले. आणि मी काय उत्तर दिलं असेल?"

काकांनी चष्मा शर्टाला पुसला.

"आधी मॅन्युअल वाचायचं."

त्यानंतर मोघ्यांनी कधी लिहिलं नाही. काकांनी पुढे माफीची पत्रं पाठवली, ती पत्ता बंद म्हणून परत आली.

तीनच्या सुमाराला प्रत पूर्ण झाली आणि शोध सुरू झाला. फाइलींची नावं गेली होती, नुसते नंबर वर येत होते. पहिलं रेकॉर्डिंग आलं तेव्हा काकांनी हेडफोन माझ्या हातात दिला आणि खुर्ची भिंतीकडे फिरवून बसले. "तू ऐक. त्या बायकांनी मला नाही सांगितलेलं."

मी ऐकलं. एक नर्स आपल्या मुलीच्या शाळेबद्दल सांगत होती. मी फक्त मान हलवली. काकूंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढला. त्यांनाही सवय नाही.

संध्याकाळपर्यंत दहा मुलाखती पूर्ण मिळाल्या. अकरावी अर्धी. ती वाक्याच्या मधेच तुटते. मला आनंद आवरत नव्हता आणि काका त्या अर्ध्या मुलाखतीवर पुन्हा पुन्हा प्रोग्रॅम चालवत होते. शेवटी काकूंनी ओरडून त्यांना जेवायला उठवलं.

"काका, मी खोली सोडू का?" मी ताटावर विचारलं.

"काका, मी खोली सोडू का. एक, नाही. दोन, खोटं बोलायची वेळ यावी अशी अट घालणारा माणूस मूर्ख. तीन, लोणचं वाढ."

रविवारी सकाळी त्यांनी माझ्याकडून त्या फोरमची लिंक मागून घेतली. मला वाटलं, आता त्या हसऱ्या चेहऱ्याला सोलून काढणार. त्यांनी त्याला एक शब्द म्हटला नाही. त्या उत्तराखाली फक्त लिहिलं: 'नवीन असाल तर वर दिलेलं करू नका. आधी प्रत घ्या. अडलात तर विचारा, प्रश्न कितीही साधा असला तरी.' खाली पूर्ण नाव आणि घरातल्या लँडलाइनचा नंबर.

"काका, घरचा नंबर कशाला देता? कोणीही फोन करेल."

"हे काय पहिल्यांदा देतायत?" काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "अशी उत्तरं शोधत हिंडतात आणि खाली हे लिहून येतात. कित्येक वर्षं झाली. लँडलाइन बंद करू म्हटलं की ऐकत नाहीत."

"मोबाइलचा तरी द्या."

"मोघ्याकडे हाच आहे," काका म्हणाले. "लिस्टवरच्या पत्रांत माझ्या सहीखाली असायचा."

फ्रिजशेजारच्या तिवईवर तो फोन आहे. त्यावर बँकवाल्यांशिवाय आणि ट्यूशन क्लासवाल्यांशिवाय कोणी फोन करत नाही. त्याच दिवशी जेवणाच्या आधी तो वाजला. काका उठले, शर्ट खाली ओढून सारखा केला आणि फोन उचलला.

"नमस्कार," ते मराठीत म्हणाले, "आगाशे बोलतोय. बोला."

थोडा वेळ ऐकत उभे राहिले.

"नो, नो. ऑलरेडी हॅव. थँक यू."

फोन ठेवून ते परत खुर्चीत येऊन बसले. कोणाचा होता, हे काकूंनी विचारलं नाही.