विजयराघवरावांनी भात सोडला

ही गोष्ट १९८४ सालची. कुंभकोणमला त्या वर्षी कावेरीचं पाणी उशिरा आलं, आणि विजयराघवरावांच्या रक्तातली साखर मात्र वेळेच्या कितीतरी आधी आली.

राव सहकारी बँकेत हेडक्लार्क होते. पन्नाशी नुकतीच उलटलेली, पोट थोडं पुढे, स्वभाव दह्यासारखा थंड. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर तंजावरकडे आले तेव्हा हातात तलवार घेऊन आले असतील. पुढच्या पिढ्यांनी हातात घेतला तो भाताचा डाव. सकाळी इडली, दुपारी सांबार-भात, मग रसम-भात, मग दहीभात, आणि रात्री उरलेल्या भाताची चौकशी. घरात मराठी बोलत, पण बाजरी कोणी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. भाकरी हा शब्द त्यांच्या बायकोला, अंबुजाबाईंना, ठाऊक होता. वस्तू ठाऊक नव्हती.

डॉक्टर गुरुमूर्तींनी तपासणीचा कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, "राव, शुगर आहे. आजपासून भात बंद. गहू खा, कंबु खा, केळ्वरगु खा."

कंबु म्हणजे बाजरी आणि केळ्वरगु म्हणजे नाचणी. रावांच्या लेखी दोन्ही पाखरांचं खाणं.

"दहीभात?" रावांनी विचारलं.

"दही चालेल."

"आणि भात?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

सायकलरिक्षात बसल्यावर रावांचं तोंड पाहवत नव्हतं. अंबुजाबाईंनी पदर खोचला. "असं तोंड कशास करता? एक मंडल, दीड महिना फक्त, स्वयंपाकघर माझ्या हाती सोडा. शुगर कुठल्या कुठे पळते ती पाहा. आणि गल्लीत कोणास वासही लागायचा नाही."

वास लागू द्यायचा नव्हता तो पंकजासाठी. पंकजा ही त्यांची एकुलती एक मुलगी. पापनाशम्च्या शेषाद्रिरावांच्या वेंकटेशला ती पसंत पडली होती, आणि आडीचा अशुभ महिना सरून आवणी लागला की साखरपुडा व्हायचा होता. त्या काळी बापाला शुगर म्हणजे मुलीलाही होणारच, असा सरळ हिशेब असे. पंकजाचं आधीचं एक स्थळ आजोबांच्या दम्यावरून मोडलं होतं. आजोबांना जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी अंबुजाबाई मोठ्या बाजारात चेट्टियारच्या दुकानात गेल्या आणि हळू आवाजात कंबु मागितला.

"मामी, कोंबड्या पाळल्या की काय?"

"शिव शिव. गच्चीवर कबुतरं येतात, त्यांना."

"किती देऊ?"

"पाच किलो."

चेट्टियारनं पोतं पुढे ओढलं. "कबुतरं बरीच दिसतात."

पीठ झालं, पण भाकरी करायची कशी हे विचारायला अख्ख्या गावात कोणी नव्हतं. अंबुजाबाईंनी लाटून पाहिली, तर ती पोळपाटाला सोडून जाईना. थापून पाहिली, तर तिचे चार तुकडे चार दिशांना गेले. शेवटी जी एक अखंड निघाली ती पंकजानं उंबऱ्यावर ठोकून पाहिली. उंबऱ्याचा टवका उडाला.

रावांनी ती रसममध्ये भिजत घातली, पेपर वाचून काढला, मग चावली.

"अंबुजा, आपले पूर्वज रोज हेच खायचे?"

"हो."

"मग ते मुलूख सोडून एवढ्या लांब का आले, ते आज कळलं."

नेमक्या त्याच वेळी परसदारानं शेजारच्या नागलक्ष्मी मामी विरजण मागायला आल्या. मामी मनानं फार चांगल्या, पण त्यांना सांगितलेली गोष्ट आणि देवळाच्या नगाऱ्यावर वाजवलेली गोष्ट यांत वेगाचाच काय तो फरक. मामी पुढे असत. त्यांनी रावांच्या पानाकडे पाहिलं. पानावर भाताचं शीत नव्हतं.

"आज एकादशी आहे? आणि मी सकाळपासून सहा इडल्या खाऊन बसले?"

"एकादशी नाही, मामी," अंबुजाबाई म्हणाल्या. पुढचं वाक्य कुठून आलं ते त्यांनाही कळलं नाही. "ह्यांनी व्रत धरलंय. पंकजाचं लग्न सुखरूप पार पडावं म्हणून भात सोडलाय."

मामींचे डोळे भरून आले. विरजण विसरून त्या तशाच मागे फिरल्या.

आता त्या गावाची रीत अशी, की भात सोडलेल्या माणसाला फराळाचं नेऊन दिलं तर देणाऱ्याला व्रताचं निम्मं पुण्य. आणि घेणाऱ्यानं नको म्हणायचं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून रावांच्या दारात डबे येऊ लागले. गव्हाचा हलवा आला. रव्याची केसरी आली, तुपात पोहणारी. शेवयांची खीर आली, केळ्यांचा घड आला, फणसाच्या गऱ्यांत मध घालून आला. तांदूळ मात्र कशातही नव्हता. त्या बाबतीत गल्ली फार काटेकोर होती.

अंबुजाबाई डबे लपवीत आणि राव शोधीत.

"अहो, ठेवा तो हलवा खाली."

"प्रसादास नाही म्हणू? पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे, अंबुजा."

आडीच्या आधीचा आनी महिना संपता संपता पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टर गुरुमूर्तींनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. "भात सोडून शुगर वाढवलेले तुम्ही माझे पहिलेच पेशंट."

त्या संध्याकाळी अंबुजाबाईंनी नागलक्ष्मी मामींना मुद्दाम विरजण नेऊन दिलं आणि जाता जाता सांगितलं, "ह्यांनी आता गोडही सोडलं."

डबे थांबले. पण अंबुजाबाईंना युक्तीची चटक लागली. डॉक्टरांनी पहाटे चालायला सांगितलं होतं, त्याची नदीपर्यंतची वारी झाली. कारल्याचा रस प्यायला सांगितला होता, त्याचं 'कडू तीर्थ' झालं. कॉफीत साखर नको म्हटलं होतं. कुंभकोणमच्या माणसानं कॉफी बिनसाखरेची घेतली हे ऐकून मात्र गल्ली हादरली. चारपाच बायका तर थेट येऊन रावांच्या पाया पडल्या. बँकेतला शिपाई पगाराचं पाकीट आधी त्यांच्या हाताला लावून नेऊ लागला. एकाची बदली रद्द झाली, तीही रावांच्या खात्यावर जमा झाली.

राव आधी संकोचत. मग संकोचायचे कमी झाले. एके दिवशी दारात वाकलेल्या एका पोरीच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला आणि डोळे मिटले.

"डोळे उघडा आधी," अंबुजाबाई आतून म्हणाल्या. "आणि भाजी आणा."

वजन उतरलं, गाल बसले. लोक म्हणत, तेज चढलं. ती भूक होती.

अशातच आडी महिन्यात कावेरीला नवं पाणी आलं. नवं पाणी म्हणजे लाल मातीचा काढा. राव पहाटे त्यातच स्नान करीत आणि आपली पांढरी वेष्टी, म्हणजे धोतर, त्यातच पिळून आणीत. आठवड्याभरात वेष्टी पांढरी राहिली नाही. पुढच्या आठवड्यात तिचा रंग सांगायला कोणाची गरज उरली नाही. भगवी वेष्टी, उघडं अंग, हातात पितळी तांब्या, आणि परतताना राव मठाच्या ओट्यावर अर्धा तास बसत. ते बसत, कारण मठात पेपर फुकट येई. पण भातही सोडलेला, गोडही सोडलेलं, आणि आता हे.

बातमी पापनाशम्ला पोचायला किती वेळ लागतो? पॅसेंजर गाडीनं जेमतेम अर्धा तास.

आडीत सोयरिकीच्या घरी कोणी पाऊल ठेवत नाही. म्हणून एका सकाळी शेषाद्रिराव आणि त्यांच्या पत्नी गोदाबाई दारात उभे दिसले तेव्हा अंबुजाबाईंनी सांडशीतलं पातेलं होत्या तिथेच खाली ठेवलं. राव नदीवर गेले होते. पंकजा स्वयंपाकघरात दाराआड गेली.

शेषाद्रिराव झोपाळ्यावर बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "बाई, आम्हांस सगळं कळलं आहे. तुम्ही लपवून ठेवलंत."

अंबुजाबाईंना वाटलं, संपलं. कोणी सांगितलं? डॉक्टरांनी? चेट्टियारनं?

"चुकलं," त्या म्हणाल्या. "पण पोरीचं नुकसान होऊ नये म्हणून—"

"केव्हापासून चाललंय हे?"

"आनीपासून."

"आणि तुमची संमती आहे?"

"माझी संमती कोण विचारतो? आलं ते आलं."

गोदाबाईंनी तोंडाला पदर लावला. "इतक्या शांतपणे सांगता? ह्यांनी नुसतं नाव काढलं असतं तर मी विहीर जवळ केली असती."

"मीही आधी रडले. पण डॉक्टर म्हणाले, सवय होते."

शेषाद्रिराव गोंधळले. "डॉक्टर कशास आले मधे? स्वामींना विचारलंत की नाही?"

"स्वामी काय औषध देणार?"

तेवढ्यात राव आले. ओली भगवी वेष्टी, तांब्या, बरगड्या मोजून घ्याव्यात असं अंग. मागे नागलक्ष्मी मामी आणि गल्लीतल्या आणखी दोघी. एकीच्या कडेवरचं मूल रावांच्या पायांवर घालायचं होतं. शेषाद्रिरावांनी ते सगळं पाहिलं आणि खाली बसले. झोपाळ्यावर नव्हे, जमिनीवर.

"खरंच की," ते म्हणाले. "राव, पोरीचं लग्न होईतो तरी थांबायचं होतं. एकदा संन्यास घेतल्यावर कन्यादान कोण करणार? दिवाळीला जावयास बोलवायचं कुठे, मठात?"

अंबुजाबाईंच्या डोक्यात आता कुठे प्रकाश पडला. ह्यांना शुगर कळलेली नव्हती. कळली होती ती दुसरीच गोष्ट, आणि लपवायच्या भानगडीत त्यांनी स्वतःच ती गावभर केली होती.

"संन्यास?" राव म्हणाले. "मी?"

"नसेल घ्यायचा, तर दाखवा." शेषाद्रिरावांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. गोदाबाईंनी प्रवासासाठी केलेला दहीभात. वर मोहरी-मिरचीची फोडणी, कडेला लिंबाच्या लोणच्याची फोड. "हा एक घास माझ्यादेखत खा. मी निश्चिंत घरी जातो, आणि आवणीत साखरपुडा करतो."

राव इतक्या चपळाईनं कधी पानावरही बसले नव्हते. त्यांची बोटं डब्याकडे निघाली. दारातून नागलक्ष्मी मामी ओरडल्या, "राव, लग्नासाठीचं व्रत लग्नाआधी मोडू नका, पोरीस बाधेल." शेषाद्रिराव म्हणाले, "नाही खाल्लंत तर लग्नच नाही." राव मधेच थांबले आणि त्यांनी बायकोकडे पाहिलं. कुत्र्याच्या पिल्लानंही असं पाहिलं तर माणूस विरघळेल.

अंबुजाबाईंनी डब्याचं झाकण लावलं.

"खाऊ नका," त्या म्हणाल्या. "ह्यांना शुगर आहे. व्रतही नाही आणि संन्यासही नाही. नुसती शुगर. तुम्ही नाही म्हणाल म्हणून मी लपवलं. मोडायचं असेल तर मोडा, पण माझ्या माणसास भात घालू नका."

कडेवरच्या मुलानं जांभई दिली.

"शुगर?" शेषाद्रिराव म्हणाले. "फक्त शुगर?"

"फक्त."

ते उठले आणि झोपाळ्यावर जाऊन ऐसपैस बसले. "मग आधी नाही का सांगायचं? शुगर झालेला माणूस कुठे जात नाही. जेवणाच्या वेळेस घरी असतो."

गोदाबाई मात्र अजून विचारात होत्या. त्यांनी रावांसाठी वाढून ठेवलेल्या ताटातली भाकरी उचलून वळवून पाहिली आणि स्वयंपाकघराकडे वळून विचारलं, "पंकजा, तुला हे करता येतं?"

पंकजा दाराआडून बाहेर आली. "येतं. खाववत नाही."

"आणि तुझ्या आईनं विचारलं तर काय सांगतेस?"

"छान झालीय म्हणते."

गोदाबाई हसायला लागल्या. "बरं आहे. सासूस काय सांगायचं ते आत्ताच ठाऊक आहे पोरीस."

आवणीत साखरपुडा झाला, पोंगलच्या तै महिन्यात लग्न. कन्यादान रावांनीच केलं, नव्याकोऱ्या पांढऱ्या वेष्टीत. गल्लीनं मात्र शुगरवर कधी विश्वास ठेवला नाही. लग्नासाठी भात सोडला, लग्न ठरलं. यात शुगर कुठून आली? अंबुजाबाईंनी दृष्ट लागू नये म्हणून आजाराचं नाव सांगितलं, असं नागलक्ष्मी मामींनी सगळ्यांना समजावलं. लग्नाच्या पंगतीत त्या स्वतः भात वाढत होत्या. रावांच्या पानापाशी आल्या आणि डाव तसाच पुढच्या पानाकडे नेला.

"मामी, चमचाभर," राव पुटपुटले. "व्रत संपलं."

"तुमच्यासारख्यांचं कधी संपतं का?" मामी म्हणाल्या, आणि पानावर भाकरी आली.

पुढे मामींनी स्वतःच्या मुलीसाठी नवऱ्याला भात सोडायला लावला. मग कोपऱ्यावरच्या घरानं, मग आणखी दोनचार घरांनी. चेट्टियार कंबु दर्शनी ठेवू लागला आणि कबुतरांची विचारपूस करायचा बंद झाला. डॉक्टर गुरुमूर्ती निवृत्त होऊन मुलाकडे मद्रासला गेले. शेषाद्रिरावांना स्वतःला शुगर झाली ती पाच वर्षांनी; ती सांगायला ते सगळ्यांत आधी व्याह्यांकडे आले, आणि दोघांनी ओसरीवर बसून भाकरीला मनसोक्त नावं ठेवली. गोदाबाई पापनाशम्मध्येच सुखानं गेल्या. वेंकटेश आणि पंकजा तिरुचीला स्थायिक झाले, दोन मुलं झाली, पंकजाची भाकरी अजूनही टणक होते. राव ऐंशी ओलांडून दोन वर्षं जगले. त्या गल्लीतल्या एकाही लग्नात, मुंजीत, बारशात त्यांना कोणी भात वाढला नाही.

अंबुजाबाई आता पंकजाकडे असतात. ऐकू कमी येतं, बाकी ठीक आहे. परवा तिथली एक शेजारीण, मुलीचं कुठे जमत नाही म्हणून, तुमचं ते व्रत सांगा म्हणत आली.

"नवऱ्यास भात सोडायला सांग," अंबुजाबाई म्हणाल्या. "गोडही."

"आणि मी, आजी?"

अंबुजाबाईंनी वाटीतला दहीभात कालवून घेतला. "तू कशास? घरात कोणीतरी पोटभर जेवलं पाहिजे की."