तीन मजली सावली

"तीन मजले? आणि माझ्या उन्हात? होऊच देत नाही!"

तोंडात कपड्यांचे दोन चिमटे धरून काकूंनी हे जाहीर केलं, तेव्हाच मास्तर समजून चुकले की हे प्रकरण आता नगररचना खात्याच्या हातात राहिलेलं नाही.

काकू म्हणजे मास्तरांची बायको. साऱ्या गल्लीत त्या लाँड्रीवाल्या काकू. मास्तर शाळेत चित्रकला शिकवत आणि घरी बायकोकडे कौतुकाने पाहत बसत. दुसऱ्या कामात त्यांचा हात जास्त चांगला होता. खाली पुढच्या खोलीत इस्त्री, मागे धुण्याची टाकी आणि वर गच्ची. लॉजच्या चादरी सकाळी धुवायच्या आणि संध्याकाळी घडी करून पोचवायच्या, असा धंदा. त्यात बिनपगारी भागीदार एकच, सूर्य!

आता समोरच्या मोकळ्या प्लॉटवर बिल्डरला तीन मजली दुकानं बांधायची होती. राहत्या वस्तीत ती चालतील का, चालली तर किती उंच, हे ठरवायला खात्याचे साहेब स्वतः जागा पाहायला येणार होते. मजले चढले की दुपारचं ऊन जाणार, ऊन गेलं की लॉज जाणार, आणि लॉज गेलं की लाँड्रीला कुलूप!

"आपण हरकतीचा अर्ज देऊ," मास्तर म्हणाले.

"अर्ज वाचतंय कोण? सावली अंगावर पडल्याशिवाय कळत नसते. मी साहेबांना सावलीच दाखवणार!"

"अगं, पण इमारत कुठाय?"

"तुम्ही नसलेली सफरचंदं काढता ना कागदावर? मग मी नसलेली इमारत उभी करते!"

जन्मभर सफरचंदं काढली, पण हे काही आपल्याला सुचलं नसतं, असं मास्तरांना मनापासून वाटलं.

साहेब यायच्या दिवशी काकूंचा मंडपवाला मावसभाऊ ट्रकभर बांबू घेऊन हजर झाला. बांबूवर बांबू चढला आणि लॉजच्या धुतलेल्या चादरी वर जाऊ लागल्या. काकू गच्चीवरून सेनापतीसारख्या ओरडत होत्या, "दादा, ताण अजून! तुझ्या भाऊजींसारखी ढिली नको सोडू!" भाऊजी खाली दोर धरून हसत उभे होते. दुपार कलेपर्यंत प्लॉटवर तीन मजली पांढरीशुभ्र इमारत डोलायला लागली. तिची सावली गल्ली ओलांडून, भिंत चढून काकूंची अख्खी गच्ची गिळून बसली!

"बघा!" काकू म्हणाल्या. "आता या म्हणावं साहेबांना!"

फक्त एक गोष्ट राहून गेली होती. दिवस उन्हाळ्याचे, आणि गल्लीत औषधालाही झाड नाही.

आधी भाजीवाली मावशी "जरा टेकते गं" म्हणत चादरींच्या सावलीत बसली. मग चहाची गाडी आली. चहा आला म्हटल्यावर माणसं आली. माणसं आली म्हटल्यावर सलूनवाल्याने आपली खुर्चीच बाहेर आणली आणि आरसा बांबूला टांगला! मास्तर धावत खाली गेले.

"अहो, उठा! ही सावली वाईट आहे!"

"वाईट? मास्तर, माठातल्या पाण्यासारखी गार आहे! बसा तुम्ही!" सलूनवाल्याने त्यांना खुर्चीत दाबलं आणि गालाला साबण फासला. मास्तरांचा स्वभाव असा, की साबण लागल्यावर नाही म्हणवेना.

नेमके तेव्हाच साहेब आले, मागे बिल्डर. साहेब बघतच राहिले. कोपऱ्यावरच्या आजोबांनी कालच "दुकानं नकोत!" म्हणून मूठ वळली होती. साहेबांनी त्यांनाच विचारलं, "आजोबा, कसं वाटतंय?"

"फार सोय झाली हो! ज्याने केलं त्याचं भलं होवो!"

बिल्डरने विनयाने मान झुकवली. "मी म्हणत नव्हतो, साहेब? वस्तीला गरज आहे!"

"दिसतंय ना," साहेब म्हणाले. "लोकांनी तर दुकानं मांडूनसुद्धा टाकली!"

अर्ध्या चेहऱ्यावर फेस घेऊन मास्तर उठले. संपलं सगळं! त्यांनी वर पाहिलं. गच्चीच्या कठड्यावर काकू नव्हत्या. त्या जिना उतरून, पदर खोचून, साहेबांच्या पुढ्यातच उभ्या होत्या.

"बरोबर आहे, साहेब. गरज आहे," काकू म्हणाल्या.

मास्तरांच्या गालावरचा फेस टपकन खाली पडला.

"पण जरा मान वर करा. ही इमारत तीन मजली ना? चहा कुठे चाललाय? खाली. भाजी? खाली. आमच्या ह्यांची दाढीसुद्धा खालीच! दुसऱ्या मजल्यावर कोण आहे, सांगा बघू!"

सगळ्यांनी वर पाहिलं. वरच्या बांबूवर एक कावळा बसला होता. त्याला खरेदी करायची दिसत नव्हती.

"दुखऱ्या गुडघ्यांनी ही मावशी टोपली घेऊन जिने चढणार का? मग वरचे मजले कुणासाठी? आणि माझं ऊन कशासाठी घेता?"

मावशी तत्परतेने कण्हली. साहेब आधी हसले, मग गच्चीवर गेले. तिथे सावलीत ओल्याच राहिलेल्या एका चादरीवर त्यांनी हात ठेवला, आणि खाली येऊन निकाल सांगितला, "दुकानं तळमजल्यावरच. वर एक वीटही चढवायची नाही." बिल्डर काही बोलणार, तोवर गल्लीने टाळ्यांचा कडकडाट केला. मास्तरांच्या टाळ्या सगळ्यांच्या नंतर थांबल्या.

"तुला आधीपासून हेच करायचं होतं?" त्यांनी भारावून विचारलं.

"मग काय!" काकू दुसरीकडे पाहत म्हणाल्या.

चादरी उतरवल्या तेव्हा त्यांच्यावर चहा होता, साबण होता, कुणाकुणाचे केस होते, आणि कावळ्यानेही आपली हरकत नोंदवली होती. लॉजवाल्याने कुरकुरत एक दिवस वाढवून दिला. सकाळी नवरा-बायकोने मिळून सगळ्या चादरी पुन्हा धुतल्या, पिळल्या, पाठीला हात लावत गच्चीवर नेल्या आणि दोरीवर टाकल्या.

मग काकूंनी वर पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत राखाडी ढग. उन्हाचा कवडसासुद्धा नाही!

बराच वेळ त्या कमरेवर हात ठेवून ढगाकडे रोखून बघत राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "ह्याची सुनावणी कुठे असते?"

मास्तर हसले नाहीत. ते गुपचूप खाली गेले आणि मंडपवाल्याला फोन लावून म्हणाले, "दादा, बांबू इतक्यात नेऊ नकोस."