खैरनारांनी वाचलेली पुस्तकं

"हो, बोलतो की!" असं अंबादास खैरनार फोनवर म्हणाले आणि फोन ठेवल्यावर आपण कशाला हो म्हणालो याचा विचार करू लागले. आधी होकार आणि मग विचार हा त्यांचा क्रम कुमुदताईंना लग्नापासून ठाऊक होता.

"आता काय कबूल केलंत?" त्यांनी भेंडी चिरता चिरता विचारलं.

"मंडळाच्या संग्रामचा फोन होता. सप्टेंबरात वाचनाचा कार्यक्रम आहे. विज्ञान, अर्थशास्त्र, इतिहास, यातलं सर्वसामान्य माणसाने काय वाचावं, यावर मी बोलायचं. म्हणाला, सर, टॉपिकच तुमचा आहे."

ते काही खोटं नव्हतं. दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये नवीन मराठी कुटुंब राहायला आलं की खैरनार हातात पेढे घेऊन जात आणि पुस्तकं सांगून येत. कुणाच्या ओट्यावर मुंग्या दिसल्या की म्हणत, "मुंग्यांवर एक सुंदर पुस्तक आहे, वाचाच." भाडं वाढलं म्हणून कुणी कुरकुरलं की म्हणत, "अर्थशास्त्राचं ते जाडं निळं पुस्तक वाचा. मी तीनदा वाचलंय." एवढं वाचलेला माणूस कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत सिमेंटचे अंदाज काय काढत बसतो, असं लोक म्हणत. ते कानावर आलं की खैरनारांचा आठवडा बरा जाई.

शनिवारी सकाळी ते कोरा कागद घेऊन भाषण लिहायला बसले आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. पुस्तकं डोळ्यांसमोर उभी राहिली, पण उघडेनात. कॉलेजात असताना नाशिकला चार मित्र वर्गणी काढून एक पुस्तक घेत आणि गोदाकाठी बसून आळीपाळीने मोठ्याने वाचत. निळ्या पुस्तकावर सांडलेला चहा त्यांना आठवला, तो कुणी सांडला ते आठवलं, त्यावरून झालेलं भांडण शब्दन् शब्द आठवलं. मुंग्यांचं पुस्तक वाचणाऱ्या मित्राचा घोगरा आवाज कानात आला. पण मुंग्या नेमकं करतात काय? रांगेने जातात, हे तर पुस्तक न वाचलेल्यालाही माहीत असतं.

"बाबा, जस्ट लिसन टू द समरीज, ना," पर्णिका मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली.

"त्या पुस्तकांच्या समऱ्या नसतात गं. ती नाशिकला ट्रंकेत आहेत."

"मग मागवा की," कुमुदताई म्हणाल्या. "कुणी ना कुणी जातच असेल इंडियाला."

आखातात वस्तू कुरियरने येत नाहीत, माणसांबरोबर येतात. जुलैत शाळा बंद झाल्या की अर्धी बिल्डिंग गावी जाते आणि येताना दुसऱ्याच्या सासूचं लोणचं घेऊन येते. खैरनारांनाही तीन माणसं मिळाली. खालच्या मजल्यावरची शर्वाणी, अल नहदातला डबेवाला रुपेश आणि अबू धाबीकडच्या मुसफ्फाच्या वर्कशॉपमधला फोरमन जहूर, मूळचा रत्नागिरीचा. नाशिकच्या थोरल्या भावाने तिघांच्या घरी एकेक पुस्तक धाडलं. परतताना विमानतळाच्या काट्यावर प्रत्येकाची बॅग जड भरली. भाजणी आणि मेतकूट बॅगेतच राहिलं, पुस्तक तेवढं बाहेर निघालं आणि हातात आलं. आता हातात आलेलं पुस्तक माणूस विमानात तीन तास नुसतं धरून किती बसणार?

"जहूर, पोचलास का रे? माझं पुस्तक?"

"आणलंय ना, भाई. पण चार दिवस द्या. बँकेवाला चॅप्टर चाललाय. घरी रशीदाला पण वाचून दाखवतोय. तिने कालच भिशी सोडली."

"भिशी? का?"

"आता तुम्हाला काय सांगू? त्यात काय लिहिलंय ते तुम्हाला माहितीये."

"हो हो, ते आहेच," खैरनार घाईघाईने म्हणाले.

शर्वाणीकडे गेले तर तिने दार उघडलं तेच हळू. "काका, जपून पाय टाका हं. पेस्ट कंट्रोलवाल्याला मी परत पाठवलं. एवढं वाचल्यावर मुंग्यांना मारायला हात कसा धजेल? तुमचं पुस्तक अर्धं झालंय." आठवडाभरात तिच्या मुंग्या पाइपावरून वर चढल्या आणि खैरनारांच्या साखरेच्या डब्यात उतरल्या.

"तुमच्या पुस्तकातल्या आल्यात," कुमुदताई डबा पुढे करून म्हणाल्या.

रुपेशने तर कहर केला. "सर, तुमचं ते इतिहासाचं काय बुक आहे! मिरची, बटाटा, टोमॅटो, सगळं पोर्तुगीजांनी आणलेलं. मग आपलं काय राहिलं? मी आता डब्यात ओरिजिनल जेवण चालू केलंय." त्या ओरिजिनल जेवणाने अल नहदातले सगळे बॅचलर हवालदिल झाले. मिऱ्याची आमटी आणि सुरणाची भाजी खाऊन त्यांनी तक्रार केली की रुपेश सांगे, "खैरनार सरांनी रेकमेंड केलंय." मग ते खैरनारांना फोन करत.

"अहो, सरळ जाऊन पुस्तकं परत मागा," कुमुदताई म्हणाल्या.

"कशी मागू? विचारतील, तुम्ही वाचलीयत ना, मग घाई कसली? इतक्या वर्षांची अब्रू आहे गं."

अशा रीतीने कार्यक्रमाचा दिवस उजाडला तेव्हा खैरनारांच्या खिशात तो कोरा कागद कोराच होता. करामातल्या एका रेस्टॉरंटचा वरचा हॉल मंडळाने घेतला होता आणि तो खच्चून भरला होता. वाचनाला इतकी गर्दी पाहून संग्राम हरखला. त्यातले निम्मे लोक जाब विचारायला आलेत, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार?

खैरनारांनी गोदावरीपासून सुरुवात केली. चार मित्र, एक पुस्तक, एक कटिंग. ते बोलत होते मनापासून आणि लोकही शांत ऐकत होते. पण माणूस रंगात आला की सवय जिभेवर येते.

"आणि ते अर्थशास्त्राचं निळं पुस्तक! मी तीनदा वाचलंय."

भिशी चालवणाऱ्या शहनाझ लगेच उभ्या राहिल्या. "मग सांगाच सर. भिशी सोडा असं त्यात कुठे लिहिलंय? ह्या रशीदामुळे आमचं सगळं चक्र बिघडलं!"

खैरनारांनी छताकडे पाहिलं. छताने मदत केली नाही. "ते... शेवटच्या भागात आहे."

"बघा! बरोबर सांगितलं सरांनी," रशीदा आनंदाने ओरडली. सरांची बाजू घ्यायची म्हणून ती उभीच राहिली. "शेवटच्याच भागात आहे. ती पानं तर एकमेकांना जोडलेली होती. आमच्या ह्यांनी वर्कशॉपच्या ब्लेडने कापली, तेव्हा कुठे वाचता आली!"

जहूरने बायकोला कोपर मारलं, पण तोवर उशीर झाला होता. जुन्या पुस्तकांची पानं कधी कधी कडेला जोडलेलीच येत. वाचत जायचं आणि फाडत जायचं. हे हॉलमधल्या पिकल्या केसांच्या माणसांना चांगलं माहीत होतं. आधी ते हसले, मग त्यांनी शेजाऱ्यांना समजावून सांगितलं आणि मग शेजारी हसले.

ते निळं पुस्तक अर्ध्यावर असतानाच खैरनारांचा दुबईचा व्हिसा आला होता. बस स्टँडवर पोचवायला आलेले तिघे म्हणाले, "उरलेलं तू सुट्टीला आलास की वाचू." पहिल्या सुट्टीत एकाची बदली झालेली होती, दुसरीत दुसऱ्याचं लग्न होतं आणि नंतर तो विषय कुणी काढलाच नाही. दरवेळी नाशिकला गेले की खैरनार ट्रंक उघडून ते पुस्तक हातात घेत, पहिला अर्धा भाग नुसता चाळत आणि पुन्हा ठेवून देत. पुढची पानं एकट्याने फाडायला त्यांचा हात कधी झाला नाही. दुबईत कुणाला अर्धंच वाचलंय म्हणून सांगावं, तर हे सगळं सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा तीनदा म्हणणं सोपं होतं.

खैरनार व्यासपीठावरून उतरले आणि जहूरच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. हसू विरलं. कुमुदताईंनी पर्स घट्ट धरली.

"जहूर," ते म्हणाले, "पुढे काय आहे रे त्यात?"

"कुठून सांगू, भाई?"

"तू जिथून कापलंस तिथून."

जहूरने पिशवीतून पुस्तक काढलं आणि चष्मा लावला. "ह्यात लिहिलंय, माणसं घर सोडून परमुलखात कमवायला का जातात. कर्ज, बहिणीचं लग्न, घराचं छप्पर, सगळं आलंय. पुढे लिहिलंय, जाताना जो तो घरी एकच सांगतो. दोन वर्षांत परत येतो."

सगळा हॉल खो खो हसला. "माझी बावीस झाली!" मागून कुणीतरी ओरडलं. "माझी एकतीस!" शहनाझ म्हणाल्या आणि हसता हसता खाली बसल्या. मग हळूहळू आवाज कमी झाला. रुपेशने नाक शिंकरलं, कुणी चष्मे पुसले.

"आणि परत कधी जातात?" खैरनारांनी विचारलं.

जहूरने पान उलटलं, मग पुस्तकाची पाठ पाहिली. "ते ह्यात नाही, भाई. पुस्तक इथंच संपतं. दुसरा भाग आहे म्हणे."

सवयीने सगळ्यांच्या माना खैरनारांकडे वळल्या.

"तो," खैरनार म्हणाले, "मी वाचलेला नाही."