चौतीस नंबरचं पान

चौतीस नंबरचं पान गोदाआत्या काढ्यात उकळून प्यायल्या, हे चिंतामणला मंगळवारी सकाळी कळलं. आणि फॉरेस्टचे साहेब शनिवारी यायचे होते.

“कागदात गुंडाळून ठेवलेलं दिसलं. मला वाटलं, अडुळसा असेल,” आत्या म्हणाल्या.

चिंतामणने वही उघडली. बासष्ट पानांपुढे झाडांची नावं होती. चौतीसपुढे ‘ओळख पटायची आहे’ एवढंच होतं. त्या जातीचं झाड अख्ख्या राईत एकच.

“खोकला थांबला का पण?” त्याने विचारलं. बी.एस्सी. झालेला माणूस, विचारल्याशिवाय राहवेना.

“परवापासून एकदाही आला नाही.”

त्याने तेही वहीत नोंदवलं आणि मग डोक्याला हात लावून बसला.

गोष्ट अशी होती. चिंतामण ज्यात होता त्या वाईच्या मंडळाने आणि डोंगरातल्या करंजवडी गावाने मिळून जानाई देवीची राई राखायची, असं ठरून वर्ष झालं होतं. गावाने पहारा द्यायचा, तो ते पिढ्यान्‌पिढ्या देतच होते. मंडळाने झाडांची यादी करायची आणि राईतल्या झऱ्याचं पाणी मोजायचं. झऱ्याकडे जाणारी, दरड कोसळून बुजलेली जुनी पायवाट मात्र दोघांनी मिळून मोकळी करायची. दर अमावास्येला बैलांना सुट्टी असे, तेव्हा गावकरी पहारी घेऊन येत आणि वाईहून धोतराचे काचे मारलेली मंडळी जाई. पहिल्या अमावास्येला मंडळींच्या हातांना फोड आले. चौथ्या अमावास्येला त्यांच्यात आणि गावकऱ्यांत मोठा धोंडा कोण हलवतो याची चुरस लागली. चिंतामणने भर वैशाखात घड्याळ लावून पाहिलं, तर झऱ्याखाली धरलेली घागर चौदा सेकंदांत भरत होती. खालच्या तीन गावांच्या विहिरी त्याच पाण्यावर होत्या. हा आकडा तो कोणालाही, न विचारता, सांगत असे.

पण चव्वेचाळीस साल होतं. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या आणि कोळशासाठी डोंगरच्या डोंगर उघडे पडत होते. राईतल्या तोडीसाठीही कुणाचा तरी अर्ज गेल्याचं कळताच मंडळाने चिंतामणची यादी फॉरेस्टच्या कचेरीत पाठवली. ही राई साधंसुधं जंगल नाही, इथून वाळलेली काटकीसुद्धा कोणी बाहेर नेत नाही, असं पहिल्या पानावर ठसठशीत लिहिलं होतं. शेवटच्या पानावर, तितक्याच ठसठशीत अक्षरात, चिंतामणने लिहिलं होतं, ‘त्रेसष्ट पानांचे नमुने वाई येथे सुरक्षित आहेत.’

कचेरीचं उत्तर चार ओळींचं होतं. काटकी बाहेर जात नाही आणि त्रेसष्ट पानं वाईत आहेत, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? नियम मोडला असेल तर ते साधं जंगल समजलं जाईल. शनिवारी पाहणी होईल.

बुधवारी चिंतामण करंजवडीला गेला आणि राईच्या तोंडाशी बसलेल्या नाथाजी गुरवाला सगळं सांगून मोकळा झाला. नाथाजी राईचा राखणदार. चुकून आत शिरलेल्या गाईचं तोंड पुसल्याशिवाय तिला बाहेर न सोडणारा तो माणूस. चिंतामणला त्याने वही घेऊन आत जाऊ दिलं होतं, ते हा नुसता लिहितो या भरवशावर.

“आवं चिंतामणराव, तुमी शिकल्यालं. तुमच्या पिशवीत हात घालून बघायला मला लाज वाटली,” तो म्हणाला. “आता बघत जाईन.”

मग त्याने रंगुबाईला बोलावलं. राईचे नियम तिला तोंडपाठ होते आणि तिच्यापुढे गावात कोणी बोलत नसे. पानं परत आणून ज्या त्या झाडाच्या बुडाशी ठेवायची, हे तिने लगेच सांगितलं. पण पोटात गेलेल्या पानाचं काय, यावर तिने थोडा विचार केला.

“मागं गुंडाच्या बोकडानं राईतला पाला खाल्ला व्हता. तवा बोकडच दिऊन टाकला द्येवीला. पान येत न्हाई, तर खाणारानं यावं.”

“माणूस आहे हो तो. म्हणजे, आत्या आहे माझी.”

“मग बोकडावानी जलमभर नको. दिस उगवल्यापास्नं मावळंपतूर बसू दे राईत,” रंगुबाई म्हणाली. तिच्या मते ही मोठीच सवलत होती.

घरी एकसष्ट पानं होती. उरलं पन्नास नंबर. ते सांगलीच्या प्रोफेसरांकडे नावाची खात्री करून घ्यायला गेलं होतं. गुरुवारी चिंतामण मोटारीने निघाला. गाडी दर चढाला दम टाकत थांबे आणि क्लीनर मागच्या भट्टीत कोळसा ओती. राई कोळसा होऊ नये म्हणून आपण कोळसा जाळत चाललो आहोत, हे चिंतामणच्या लक्षात आलं आणि पुढचे दोन चढ तो खाली उतरून चालला. त्याने गाडीचा कोळसा काही वाचला नाही, पण त्याला बरं वाटलं.

सांगलीत प्रोफेसरांनी पान पुठ्ठ्यावर खळीने चिकटवून टाकलं होतं. ते सोडवताना देठ तुटला. चिंतामणने पान एका पाकिटात आणि देठ दुसऱ्यात घातला, दोन्हींवर पन्नास नंबर लिहिला आणि शुक्रवारी संध्याकाळी वाई गाठली.

घरी आत्यांची तयारी झाली होती. त्यांनी एकच प्रश्न विचारला. “त्या बोकडाचं पुढे काय झालं रे?”

चिंतामणने तो प्रश्न शनिवारी पहाटे, डोली उचलायला आलेल्या गुंडालाच विचारला.

“हाय की अजून आतच,” गुंडा म्हणाला. “लय माजलाय.”

आत्या जरा निश्चिंत होऊन डोलीत बसल्या. गुंडा आणि त्याच्याबरोबर आलेला कोंडीबा यांनी त्यांना मोकळ्या केलेल्या पायवाटेने वर नेलं. मागून मंडळाची माणसं, प्रत्येकाच्या हातात नंबर घातलेली चार-पाच पानं. करंजवडीची माणसं वाटेच्या दोन्ही बाजूंना उभी होती. कोणी हसलं नाही. एका म्हातारीने तर वाळक्या पानांना हात जोडले. चिंतामणला आजवर परीक्षेत दोनदा पहिला नंबर मिळाला होता. तेव्हाही त्याचा ऊर असा भरून आला नव्हता.

साहेब दहा वाजता आले. नाथाजीने सांगितल्यावर त्यांनी बूट काढले, पण गुडघ्यापर्यंतचे लोकरी मोजे ठेवले. आत गेल्यावर त्यांना दिसलं ते असं. वाईची सुशिक्षित मंडळी झाडाझाडाच्या बुडाशी वाकून वाळलेली पानं ठेवत होती आणि एका अनोळखी झाडाखाली चटई टाकून एक पोक्त बाई बसल्या होत्या. शेजारी बोकड.

“आपण कोण?” साहेबांनी विचारलं.

“चौतीस नंबर,” आत्या म्हणाल्या.

साहेबांनी चिंतामणकडे पाहिलं. चिंतामणने वही पुढे केली आणि काढ्यापासून पन्नास नंबरच्या देठापर्यंत सगळं सांगितलं. काही लपवणं त्याला जमतच नसे.

“एका पानासाठी हे लोक मला वाईहून उचलून घेऊन आले,” आत्या म्हणाल्या. “तुम्ही तर म्हणे झाडं तोडायला परवानगी देणार आहात. तुम्हाला किती दिवस बसवतील, ते आधी रंगुबाईंना विचारून घ्या.”

रंगुबाईने मनातल्या मनात हिशेब सुरू केलेला दिसला. साहेबांनी काही न विचारता झरा पाहिला, घड्याळ लावून घागर भरून घेतली आणि गंभीर चेहऱ्याने परत निघाले. निर्णय काय, ते कळेना.

राईच्या तोंडाशी नाथाजी आडवा उभा राहिला.

“सायेब, रागावू नगा. मोजं बगा तुमचं.”

कार्तिकातलं वाळलेलं गवत. दोन्ही मोज्यांना घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कुसळं चिकटली होती. साहेबांनी मोज्यांकडे पाहिलं, नाथाजीकडे पाहिलं. नाथाजी हात जोडून उभा होता, पण हलत नव्हता. साहेब धोंड्यावर बसले आणि एकेक कुसळ काढून त्याच्या ओंजळीत ठेवू लागले. चिंतामण मोजत होता. एकशे अठरावं कुसळ मात्र अर्धं तुटलं आणि त्याचं टोक लोकरीत रुतून बसलं. साहेबांनी नखाने ओढलं, टाचणीने कोरलं. निघेना. सगळ्यांनी रंगुबाईकडे पाहिलं.

ती काही बोलायच्या आत साहेबांनी उजवा मोजा काढला आणि नाथाजीच्या हातात दिला. नाथाजी तो दोन्ही हातांवर घेऊन आत गेला.

साहेबांनी उघड्या पायावर बूट चढवला, डायरी मांडीवर घेतली आणि अर्जावरचा शेरा तिथेच लिहिला. चिंतामणने तो खांद्यावरून वाचला. ‘सदर राईतून काहीही बाहेर जात नाही. स्वतः खात्री केली.’