थोरला ठेवायचा की धाकटा

रविवारी दुपारी तीन वाजले तेव्हा गजेंद्रच्या हातात फक्त एक तास उरला होता. तेवढ्यात त्याला थोरला ठेवायचा की धाकटा, हे ठरवायचं होतं.

थोरला आणि धाकटा म्हणजे दोन अ‍ॅम्प्लिफायर. गजेंद्र मोताळ्याच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होता. दिवाळीत त्याने हौसेनं एक भारी हेडफोन घेतला होता, काळा आणि आख्खे कान झाकणारा. पण मोबाइलला जोडला की गाणारा माणूस पलीकडच्या गावात बसून गातोय असं वाटायचं. अशा हेडफोनला जोर द्यायला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो, हे त्याला नंतर कळलं. मग त्याने साबणाच्या वडीएवढा एक ऑनलाइन मागवला. तेवढ्यात खामगावच्या त्याच्या मित्राने, प्रसेनजितने, स्वतःचा जुना अ‍ॅम्प्लिफायर पाठवला. दोन विटांएवढा. "वापरून पाह्य. आवडला तं ठेव," असा निरोपही होता.

'अ‍ॅम्प्लिफायर' म्हणताना जीभ अडखळते म्हणून गजेंद्रच्या बायकोने, पूनमने, मोठ्याचं नाव थोरला आणि लहानाचं धाकटा ठेवलं होतं. धाकटा परत करायची मुदत आज संपत होती. चार वाजता कुरिअरवाला दारात येणार होता.

नेमकी हीच वेळ गजेंद्रच्या वडिलांनी, पंजाबरावांनी, एका फार नाजूक कामासाठी धरली होती. धामणगाव बढ्यातले शालिग्राम आणि ज्ञानेश्वर हे सख्खे भाऊ तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांच्या वावरांमधला धुरा, म्हणजे शेताचा बांध, सरकला, असं धाकटा ज्ञानेश्वर म्हणायचा. धुरा जागच्या जागी आहे, असं थोरला शालिग्राम म्हणायचा. पंजाबरावांनी दोन महिने दोघांच्या घरी चकरा मारून आज कसंबसं त्यांना आपल्या घरच्या बैठकीत आणून बसवलं होतं. दोघं एकाच सतरंजीवर होते, पण मधे दोन माणसं झोपतील एवढी जागा होती.

"गजेंद्र, आज घरात आवाज नोको," पंजाबरावांनी सकाळीच बजावलं होतं.

"बाबा, म्यां हेडफोनच लावून बसतो. आवाज येतेच कुठून?"

बैठकीच्या आणि आतल्या खोलीच्या मधे फक्त एक पडदा होता. पडद्याअलीकडे गजेंद्र वही-पेन घेऊन टेबलाशी बसला. मागे उभं राहून पूनम वायर बदलायची आणि तो डोळे मिटून ऐकायचा. दोन्हींचा आवाज सारखा ठेवावा लागायचा. कारण जो जरा मोठ्याने वाजतो, तोच चांगला वाटतो. एकच सारंगीचा तुकडा तो बाविसाव्यांदा ऐकत होता.

"पूनम, चहा ठेव व बाई," बैठकीतून पंजाबराव म्हणाले.

"हाव मामाजी," म्हणून पूनम स्वयंपाकघरात गेली. गजेंद्रचे डोळे मिटलेले आणि कान झाकलेले. त्याच्या मते पूनम मागेच उभी होती.

बैठकीत पंजाबराव घसा साफ करून मुद्द्यावर आले. "माह्यं म्हणणं एवढंच हाये, का सरकारी मोजणी आणू. दूध का दूध, पानी का पानी."

"आणा ना," ज्ञानेश्वर म्हणाला.

"मोजणी काऊन पायजे?" शालिग्रामचा आवाज एकदम चढला. "माह्यावर इस्वास नाही का?"

तेवढ्यात पडद्याआडून गजेंद्रचा आवाज आला. कानावर सारंगी जोरात असल्यामुळे आपण किती मोठ्याने बोलतोय याचा त्याला पत्ताच नव्हता.

"धाकट्यात काही दम नाही! दिसाले गरीब, पण जरा जोर देला का लगेच फाटते!"

ज्ञानेश्वरने मान वर केली. शालिग्रामच्या मिशीखाली हसू फुटलं.

"फोनवर बोलून राह्यला असन," पंजाबराव घाईने म्हणाले. "तं मोजणीचं आपण..."

"अन् थोरला!" आतून आवाज आला. "अंगानं एवढा मोठा, पण आतून सारखी घुंई घुंई! गप बसवला तरी गप राहत नाही! अन् पाच मिन्टात तापते!"

मिशीखालचं हसू जागीच विझलं. आता ज्ञानेश्वरने तोंडावर रुमाल धरला.

"गजेंद्र!" पंजाबरावांनी हाक मारली. बाहेर ओट्यावरचं कुत्रं उठून बसलं, पण गजेंद्रला काही ऐकू गेलं नाही.

"पंजाबभाऊ," शालिग्राम हळू आवाजात म्हणाला, "आमच्या घरची गोष्ट तुमी पोराले सांगून ठेवली का?"

"आईची आन, एक शब्द नाही..."

"माह्यं ठरलं!" आतून निकाल आला. "धाकट्याले आज हाकलतो! चार वाजता गाडी येते. खोक्यात घालतो, वरून चिकटपट्टी मारतो, अन् देतो पाठवून!"

ज्ञानेश्वर ताडकन उभा राहिला. "खोक्यात? मले खोक्यात घालते? बोलवा त्याले भाएर!"

आणि मग तीन वर्षांत न झालेली गोष्ट झाली. शालिग्रामही उठला आणि भावाच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "माह्या भावाले खोक्यात घालनारा हा कोण बे? आमी आमचं पाहून घेऊ, पण दुसऱ्यानं बोलाचं काम नाही!"

पंजाबराव दोघांच्या मधे हात पसरून उभे राहिले. स्वयंपाकघरातून पूनमने शेवटचं वाक्य ऐकलं होतं. ती चहाचा ट्रे घेऊन धावत आली. बैठकीत तर ट्रे ठेवायला कुणी जागा सोडेना. शेवटी तो ट्रे तिने पंजाबरावांच्या पसरलेल्या हातांत दिला, आत जाऊन गजेंद्रच्या डोक्यावरचा हेडफोन खेचला आणि कुजबुजली, "अहो, गप बसा! सारं भाएर आयकू जाऊन राह्यलं!"

"म्यां तं हळूच बोलून राह्यलो होतो."

पडदा सरकला. दारात दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून उभे होते. त्यांच्या मागे हातात चहाचा ट्रे घेतलेले पंजाबराव. त्यांचा असा चेहरा गजेंद्रने लहानपणी फक्त एकदाच पाहिला होता, विहिरीत मोटार पडली त्या दिवशी.

सगळा उलगडा व्हायला पाच मिनिटं लागली. गजेंद्रने दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर दाखवले. पूनमने आपण ठेवलेली नावं लाजत सांगितली. थोरल्याची घुंई घुंई ऐकवली, तो तापतो कसा हे त्यावर हात ठेवून दाखवलं. धाकटा परत जाणार म्हणून आणून ठेवलेली चिकटपट्टीही दाखवली. ज्ञानेश्वरला पटलं. शालिग्रामला मात्र पटेना.

"हे सारं खरं असन," तो म्हणाला. "पण मानसाले आपला आवाज आपल्याले आयकू येत नाही, असं कुठं असते का? तू मुद्दाम बोलला."

"काका, तुमी सोता लावून पाहा ना."

गजेंद्रने शालिग्रामला खुर्चीवर बसवलं, त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि थोरल्यावर सारंगी सुरू केली. शालिग्राम आधी ताठ बसला होता. मग त्याचे खांदे सैल झाले, डोळे मिटले, मान डोलायला लागली. बाकीचे चौघे त्याच्याकडे पाहत उभे राहिले.

थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले, बोटाने गजेंद्रला जवळ बोलावलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं. गजेंद्र शिकलेला, प्रयोगशाळेतला माणूस. त्याला एक गोष्ट खासगीत विचारायची शालिग्रामला ही बरी संधी वाटली. त्याच्या समजुतीप्रमाणे तो कुजबुजला. प्रत्यक्षात त्याचा आवाज ओट्यापलीकडे गेला.

"गजेंद्र! तुले म्हणून इचारतो! सरकारी मोजणीत दोन फुटाचा फरक दिसते का रे? त्या साली नांगरटीच्या वक्ताले धुरा म्यांच सरकवला होता! ज्ञान्याले सांगू नोको, माही मान जाईन!"

पंजाबरावांच्या हातातल्या ट्रेमधले कप एकमेकांवर किणकिणले. पूनमने पदर तोंडाशी धरला. गजेंद्रला मान हलवावी की नाही, तेही सुचेना. 'हो, दिसते' असं म्हणावं, तर शालिग्रामला ऐकूही जाणार नव्हतं.

सगळे ज्ञानेश्वरकडे पाहत होते. तीन वर्षं तो हेच वाक्य ऐकायला तडफडला होता. गावात, तहसिलीत, सोयऱ्याधायऱ्यांत तो खोटा ठरला होता. आणि आता त्याच वाक्याला तीन साक्षीदार मिळाले होते. त्याचा चेहरा लाल झाला. त्याने बोलायला तोंड उघडलं.

समोर त्याचा भाऊ बसला होता. कानांवर ते दोन काळे डबे, त्यांतून बाहेर आलेले पांढरे केस, आणि चोरून काहीतरी विचारल्यावर लहान पोराच्या चेहऱ्यावर येते तशी धास्ती. उत्तराची वाट पाहत तो गजेंद्रकडे टक लावून होता.

शालिग्रामने हेडफोन काढला. "काय झालं? तुमी सारे असे काऊन पाहून राह्यले?"

ज्ञानेश्वरने उघडलेलं तोंड मिटलं आणि मग म्हणाला, "काही नाही भाऊ. बाजा मस्त हाये, असं म्हनले तुमी."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

शालिग्रामने गजेंद्रकडे पाहिलं. गजेंद्रने धाकट्याची वायर गुंडाळायला घेतली.

"पंजाबभाऊ," ज्ञानेश्वर म्हणाला, "मोजणी-फिजणी राहू द्या. उद्या सकाळी आमी दोघंच जातो दोरी घेऊन. एक टोक भाऊ धरतीन, एक म्यां."

शालिग्रामच्या कपाळावर घाम आला. "अन् फुटा-दोन फुटाचा फरक निंघाला तं?"

"निंघाला तं निंघाला. त्या साली ट्रॅक्टरवाला नवाच होता. त्याची चूक असन."

शालिग्राम हातातल्या हेडफोनकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "हाव. तो ट्रॅक्टरवाला तसाच होता." आणि थोड्या वेळाने, "ज्ञाना, तूबी आयकून पाह्य बरं हे. लय गोड हाये."

पंजाबरावांनी अखेर ट्रे खाली ठेवला. चहा थंड झाला होता, पण दोघा भावांनी तो एकाच खाटेवर बसून प्यायला. भाऊ निघाले तेव्हा पंजाबराव दोघांना म्हणाले, "पाहा, मधात समजदार मानूस असला का भांडन मिटते." त्यांना कुणी विरोध केला नाही.

चार वाजता कुरिअरवाला आला. गजेंद्रने धाकटा खोक्यात घातला, वरून चिकटपट्टी मारली आणि त्याच्या हाती दिला.

"अहो, पण थोरला तं घुंई घुंई करते म्हनत होते ना तुमी?" पूनमने विचारलं.

"करते. करू दे."

संध्याकाळी प्रसेनजितचा फोन आला. "काय बे, ठेवला का माहा? आवाज कसा वाटला?"

गजेंद्रने विचार केला. वहीत बावीस वेळा लिहिलेलं सगळं त्याच्या डोळ्यांपुढे होतं. पण त्यातलं काहीच त्याने सांगितलं नाही.

"साफ हाये," तो म्हणाला. "मानसाच्या आतलं सारं भाएर काढते."