स्वदेशी डिझेल

या, जवळ येऊन बसा. मागच्यांनी पुढे सरकावं, दाराशी वारा फार आहे. एका बेटाची कथा सांगायची आहे. ऐकताना हसाल, आणि हसता हसता हात जोडावेसे वाटतील, एवढी हमी माझी.

बेट कॅनडाच्या पूर्व टोकाला. झेंडा कॅनडाचा, टपाल कॅनडाचं, माणसं कॅनडाची. पण बेटावरून निघणारा एकुलता एक पूल उतरतो तो थेट अमेरिकेत. उन्हाळ्यात मायदेशी जायला फेरीबोट असते. हिवाळा लागला की ती बंद. मग आपल्याच देशात जायचं तर आधी परदेशात शिरायचं, पासपोर्ट दाखवायचा, लांबलचक वळसा घालायचा आणि पुन्हा पासपोर्ट दाखवून मायदेशी दाखल व्हायचं.

बेटावरच्या विनी टकरची मावशी, ऑगस्टा, याला कधीच तयार झाली नाही. नव्वदी गाठली तरी पासपोर्ट काढला नाही. "माझ्या घरातून माझ्याच घरात जायला कागद कशाला गं?" असं म्हणायची. तिची धाकटी बहीण पर्ल समोरच्या कॅनडाच्या किनाऱ्यावर राहायची. दर हिवाळ्यात दोघी दोन तीरांवर बसून एकमेकींसाठी झुरायच्या. यंदा पर्लची प्रकृती खालावली होती. हिवाळ्यातली बोट मिळवायचीच, असं विनीनं मनाशी घट्ट धरलं होतं.

संधी चालून आली. सत्तेतल्या पक्षाचे सभासद मतं देऊन नवा नेता निवडणार होते, आणि जो नेता तोच पंतप्रधान. त्यात अमेरिकेनं आयातकर लादल्यानं सगळा देश पेटलेला. दुकानांतून शेजाऱ्याची दारू गेली, संत्री गेली. अशात उमेदवार अॅलिस्टर पॉमरॉय बेटावर येऊन भाषण करायला राजी झाले, आणि पक्षाच्या बेटावरच्या शाखेची अध्यक्ष होती विनी!

आदल्या दिवशी त्यांच्या सहायकाचा फोन आला.

"साहेब पुलावरून येणार नाहीत. शेजाऱ्याच्या शिपायापुढे साहेब रांगेत उभे, असा एक फोटो निघाला की संपलंच."

"मग यायचे कसे?"

"तुमच्याकडे बोटी आहेत ना? आणि बाई, शेजाऱ्याचं काही म्हणजे काही वापरू नका हं. सगळं स्वदेशी."

विनी शब्दाची पक्की. चर्चच्या हॉलमधल्या स्वयंपाकघरातून तिनं केचप हाकललं, सॅलड हाकललं. उरलं माशाचं दाट सूप, बटाटे आणि ब्लूबेरीचा 'पाय', म्हणजे फळं भरून भाजलेला गोड पदार्थ. तेवढ्यात तिचा नवरा हॉरिस, शेवंडं पकडणारा कोळी, बोट काढायला निघता निघता म्हणाला, "डिझेल मात्र पुलापलीकडचं आहे हं."

विनीचा हात थांबला. "उपस ते."

"वेडी झालीस का? इथे बेटावर पंप आहे कुठे?"

"साहेबांनी विचारलं तर मी चर्चमध्ये उभी राहून खोटं बोलू?"

चर्चच्या मागे एक पिंप पडलेलं होतं, जुन्या फेरीबोटीवरून कधीतरी उतरवलेलं. अस्सल कॅनडाचं डिझेल. हॉरिसनं नाक खुपसून वास घेतला. "हे आपल्या लग्नाच्या आधीचं दिसतंय."

"लग्न चालतंय ना अजून? मग हेही चालेल."

आणि चाललंही, समोरच्या किनाऱ्यापर्यंत. पॉमरॉयसाहेब मोठा झेंडा घेऊन बोटीत बसले. सहायक सोबत होताच. परदेशी जायचंच नाही म्हटल्यावर पासपोर्ट मोटारीतच ठेवले. इकडे हॉल माणसांनी भरला. सूप उकळत होतं. एवढ्यात स्वयंपाकघरातला बोटींचा रेडिओ खरखरला.

"विनी, तुझ्या स्वदेशीनं मान टाकली. इंजिन बंद."

विनी खिडकीशी धावली. आता बेटाभोवतीच्या त्या उपसागराची भरती ज्यानं पाहिली नाही, त्याला काय सांगावं! बोट धक्क्याशी बांधा. सकाळी ती विहिरीच्या तळाशी असल्यासारखी दिसते, आणि जेवून उठेपर्यंत तुमच्या डोक्याशी आलेली असते. समुद्र कूस बदलतो हो, बाकी काही नाही. ते अफाट पाणी आत येत होतं, ना गर्जना, ना घाई, आणि त्याच्या खांद्यावर हॉरिसची बोट, वरचा झेंडा फडफडवत, सावकाश अमेरिकेकडे चालली होती. कुठले नेते आणि कुठले आयातकर! क्षणभर विनी घाबरायचंच विसरली. तिचे हात आपोआप जुळले.

रेडिओवर पलीकडच्या तीरावरचा क्लाइड आला. हा हॉरिसच्या बहिणीचा नवरा, अमेरिकेतला कोळी.

"हॉरिस, मेहुण्या, दोर टाकू का?"

"त्यांचा दोर नको!" सहायक ओरडला.

मग क्लाइड शांतपणे म्हणाला, "दोर कॅनडात बनलाय हो. चिठ्ठी आहे त्यावर, वाचून दाखवू?"

मागून एक क्षीण आवाज आला. तो साहेबांचा होता. "टाका हो दोर. कशाचाही टाका."

हॉल खो खो हसला. विनी मात्र पुन्हा खिडकीशी धावली. भरतीविरुद्ध बोट ओढणं शक्य नव्हतं, म्हणून क्लाइडनं ती आपल्याच धक्क्याला लावली. होणारे पंतप्रधान ओल्या बुटांनी अमेरिकेत उभे राहिले!

तिकडच्या शिपायांनी त्यांना अग्निशमन दलाची घोंगडी दिली, गरम कॉफी पाजली आणि पुलावरून घरी जा म्हणून सांगितलं. अडले ते पुलाच्या या टोकाला. कॅनडाच्या चौकीवर नवा अधिकारी होता.

"पासपोर्ट?"

"गाडीत राहिला. पलीकडे, कॅनडात."

"कॅनडात? मग तुम्ही अमेरिकेतून कसे येताय?"

"भरतीमुळे."

"नाव पटवायला काही?"

"अहो, मी पंतप्रधान होणार आहे!"

"मग झाल्यावर या की, साहेब."

बातमी हॉलमध्ये पोचली तशी विनीनं सूपाचं पातेलं उचललं. "चला. ते येऊ शकत नाहीत, तर आपण जाऊ." सगळं बेट पुलाशी लोटलं. बर्फ भुरभुरत होता. थंडी घालवायला कुणीतरी भजन धरलं, चर्चमध्ये लहानपणापासून म्हटलेलं. दुसऱ्या कडव्याला पुलाच्या पलीकडून साथ आली. क्लाइड आणि त्याची माणसं तेच भजन खालच्या सुरात गात होती. मध्ये चौकी, खाली धावणारं पाणी, आणि सूर दोन्हीकडून येऊन मधोमध मिळालेला. त्या अधिकाऱ्यानं टोपी काढली.

ऑगस्टा मावशी काठी टेकत अडसरापर्यंत गेली.

"तुला तुझ्या घरात घेत नाहीत का रे?"

"नाही, आजी."

"माझं दर हिवाळ्याला हेच होतं बघ. फक्त मला घोंगडी कुणी देत नाही."

पॉमरॉयांनी पाठ केलेल्या भाषणाचा कागद खिशात कोंबला आणि सूपाचा वाडगा घेतला. वरून फोन येईपर्यंत ते अडसराच्या पलीकडून सूप पीत राहिले. सोडल्यावर हॉलमध्ये येऊन एवढंच म्हणाले, "हिवाळ्यातली बोट येईल. मी नेता झालो तरी, नाही झालो तरी."

आणि झालेच नाहीत. घोंगडी पांघरून स्वतःच्याच देशाच्या दाराशी उभे, असा त्यांचा फोटो घरोघर पोचला आणि ते सपाटून हरले. विनीला वाटलं, त्यांच्याबरोबर बोटही बुडाली. पण जिंकलेल्या नेत्यानं मंत्रिमंडळ बनवताना फेरीबोटींचं खातं पॉमरॉयांनाच दिलं. आपल्याच देशात शिरताना अडकलेला दुसरा अनुभवी माणूस पक्षात नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात बोट आली. विनीनं मावशीला हाताला धरून चढवलं. पर्ल अजून होती, देवाची दया. बहिणी बहिणी आता महिनाभर राहतील, म्हणून विनीनं मोठी पेटी भरून दिली. संध्याकाळच्याच बोटीनं मावशी पेटीसकट परत!

"अगं, काय झालं?"

"पर्लनं त्या दुसऱ्याला मत दिलं होतं! ज्यानं बोट आणली त्याला पाडलं, आणि वर मलाच विचारते, आणखी ब्लूबेरीचा पाय घेणार का!"

"मग आता?"

"आता काय? सकाळच्या बोटीनं जाते. भांडण अर्धंच राहिलंय."

तर मंडळी, मनात येईल तेव्हा उठून, कुणाला न विचारता, आपल्या माणसाशी भांडायला जाता येणं हीसुद्धा देवाची केवढी कृपा! तुम्ही असे कधी निघालात, तर वाटेत ऑगस्टा मावशीची एकदा आठवण काढा.