प्रियदर्शिनीचं ऑडिट

ऑडिट म्हटलं की पुंजारामभाऊ खैरनारांची छाती दोन बोटं फुगायची! तारापूरच्या एमआयडीसीत बॉयलरवर त्यांचं उभं आयुष्य गेलं. किती साहेब आले, किती इन्स्पेक्टर आले, हातात पॅड घेऊन प्लँटभर हिंडले, काजू खाऊन गेले. पण भाऊंच्या बॉयलरवर कुणी बोट ठेवलं असेल तर शप्पथ! "ऑडिट पास करायचं कसं ते आपल्याला विचारा," असं ते पाम गावातल्या आपल्या चाळीत सगळ्यांना सांगत. कुणी विचारलेलं नसलं तरी सांगत.

त्यांची पद्धत अगदी सोपी होती. ऑडिटच्या आधी जे जे गंजलंय ते ते रंगवायचं. साहेब गाडीतून उतरले रे उतरले, की पुष्पगुच्छ, शाल, नारळ आणि फोटो. आणि साहेबांनी काहीही विचारलं तरी एकच उत्तर, "सगळं ओके आहे सर! रेकॉर्डला आहे सर!"

तर अशा या भाऊंच्या मुलीला, प्रियदर्शिनीला, पालघरहून इंटरव्ह्यूचा फोन आला. कोळगावच्या रस्त्याला हेमाली मॅडम म्हणून एक सी.ए. आहेत, त्यांच्या ऑफिसात टॅक्सच्या कामाला एक माणूस हवं होतं. एकच! प्रियदर्शिनी बी.कॉम. झालेली. खैरनारांच्या सात पिढ्यांत पदवीचा काळा झगा घालून फोटो काढणारी पहिलीच! तो फोटो भाऊंनी एवढा मोठा करून आणला होता की तो लावायला भिंतीवरचं घड्याळ काढावं लागलं. आता घरात कुणाला वेळ कळत नसे, पण पोरगी पदवीधर आहे हे मात्र दारातून कळे.

अडचण एवढीच, की अनुभव तुटपुंजा. बोईसरला एका टॅक्सवाल्या सरांकडे ती चार महिने जात होती. जीएसटीची रिटर्न भरणं, बिलं जुळवणं जरा कुठे हाताला लागलं, तोच सर ऑफिस गुंडाळून सुरतेला निघून गेले.

"अप्पा, हे नाही जमलं तर एक तारखेपासून मी तुमच्या शेजारच्या कंपनीत पॅकिंगला जाते," ती म्हणाली. "घरात नुसतं बसून किती दिवस खाणार?"

त्या पॅकिंगमधली पांढरी पावडर त्यांना ठाऊक होती. तिथली माणसं सुट्टीच्या दिवशीही खोकत. आपली पोरगी तिथं तोंडाला फडकं बांधून पोत्यांवर लेबलं चिकटवतेय, हे चित्र त्यांना डोळ्यांपुढे आणवेना. भाऊ ताडकन उठले.

"पॅकिंगचं नाव काढायचं नाय! इंटरव्ह्यू म्हंजे काय गं? ऑडिटच की! मी तयारी करून घेतो."

"अप्पा, ते वेगळं असतं."

"काय वेगळं? साहेब विचारतो, आपण ओके म्हणतो!"

झालं! त्याच संध्याकाळी घरात मॉक ड्रिल सुरू. प्रियदर्शिनीच्या आईला, नर्मदाकाकूंना, खुर्चीवर बसवून हेमाली मॅडम केलं. त्यांच्या मांडीवर मेथीची जुडी होती, ती काही त्यांनी सोडली नाही. भाऊ गळ्यात शिट्टी अडकवून दारात उभे.

"आधीची नोकरी का सोडली?" नर्मदाकाकूंनी मेथी निवडत विचारलं.

"मी नाही सोडली मॅडम, आमचे सर सुरतेला गेले."

"मग तू का नाय गेलीस?"

"आई!"

"काय चुकलं? मॅडम विचारणार नाय का?"

भाऊंनी फुर्रकन शिट्टी मारली. "थांबा! प्रिया, तू सरांचं सांगायचंच नाय. विचारलं तेवढंच सांगायचं. आता मी विचारतो. मालकाकडे खरेदीचं बिल हाय, पण सरकारच्या पोर्टलवर ते दिसत नाय. काय करशील?"

हा प्रश्न प्रियदर्शिनीनंच त्यांना सांगितला होता. हेमाली मॅडम तो हटकून विचारतात, असं तिला तिच्या मैत्रिणीकडून कळलं होतं. ती उत्साहानं सांगू लागली, "तर त्या बिलावरची करातली सूट या महिन्यात धरायची नाही. आधी ज्यानं माल विकला त्याला फोन करायचा, तुम्ही बिल चढवलं नाही म्हणून—"

फुर्रर्र! "फोन? म्हंजे आपल्याकडे काहीतरी राहिलंय असं तूच मॅडमना सांगतेस? गंज दाखवतेस? रंगव त्याला! म्हणायचं, 'मॅडम, माझ्याकडे सगळी बिलं जुळलेली असतात. सगळं ओके आहे!'"

"आणि माझ्या हातून कधी चूक झाली का विचारलं तर?"

"'आजवर एकही चूक सापडलेली नाय मॅडम!' आवाज खणखणीत पायजे!"

प्रियदर्शिनीनं आईकडे पाहिलं. आईनं मेथीकडे पाहिलं. अप्पांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद बघून पोरीला नाही म्हणवेना. बिचारी रात्री जेवेपर्यंत "सगळं ओके आहे मॅडम" घोकत होती.

भाऊ मात्र तेवढ्यावर थांबतात होय! तिच्या तपकिरी सँडलचं चामडं टोकाला खरवडलं होतं. भाऊंनी बॉयलरच्या पाइपांना लावतात तो काळा रंग आणला आणि सँडल रंगवल्या. वरून रंगवल्या, बाजूनं रंगवल्या आणि उलट्या करून तळसुद्धा रंगवले!

"अहो, तळ कशाला?" नर्मदाकाकू ओरडल्या.

"ऑडिटवाले कुठं वाकून बघतील सांगता येतं का? पाइपाच्या खालून बोट फिरवतात ते!"

हा रंग पाइप तापला की पक्का होतो. सँडल कोण तापवणार? सकाळी त्या नुसत्या चकाकत होत्या. शेजारच्या शिवाजीनं रिक्षा दारात लावली. प्रियदर्शिनी बसली, पुढे भाऊ बसले, भाऊंच्या मांडीवर पुष्पगुच्छ, शाल आणि नारळ.

"भाऊ, पोरीच्या इंटरव्ह्यूला चाललाव का साखरपुड्याला?" शिवाजीनं विचारलं.

"तू रिक्षा चालव!"

पालघरला पोचून पोरगी उतरायला गेली, तर सँडलबरोबर रिक्षाची चटईही उतरायला लागली! शिवाजीनं एका हातानं चटई धरली, भाऊंनी पोरीला धरलं आणि जोर लावून दोघांची ताटातूट केली. "आमची चटई पण ओके झाली भाऊ," शिवाजी चटईवरचे काळे ठसे बघत म्हणाला. त्यातच प्रियदर्शिनीला आठवलं, आधार कार्डाची झेरॉक्स घरीच राहिली. ती शिवाजीला घेऊन झेरॉक्सचं दुकान शोधायला गेली आणि भाऊ ऑफिसच्या दाराशी एकटे राहिले.

एकटे राहिले, हेच नडलं.

समोर पांढरी गाडी थांबली. आतून कोट-टायवाला एक इसम उतरला. वय तसं कोवळंच, पण पोट आणि चाल अगदी मुरलेल्या साहेबाची. पांढरी गाडी, टाय, हातात चामडी बॅग! भाऊंचे पाय आपोआप जुळले. इतक्या वर्षांची सवय, ती काय विचार करायला वेळ देते?

"या साहेब, या!" पुष्पगुच्छ हातात, शाल खांद्यावर, नारळ बॅगेवर. शेजारच्या पानवाल्याच्या हातात मोबाइल देऊन भाऊंनी फोटोही काढून घेतला.

तो इसम म्हणजे मेहुल. त्याच जागेसाठी आलेला उमेदवार! काकांची गाडी घेऊन आला होता. त्याला वाटलं, हा माणूस ऑफिसातलाच, आणि इथं उमेदवाराचं स्वागत असंच करत असतील. काय थाटाचं ऑफिस आहे! आणि साहेब म्हटल्यावर दुरुस्त कोण करतं?

"साहेब, ते पोर्टलवर न दिसणाऱ्या बिलाचं विचारणार, आमाला ठाऊक हाय," भाऊ डोळा मिचकावत म्हणाले. "त्याचं उत्तर एकदम तयार! सगळी बिलं जुळलेली, सगळं ओके! आणि चूक? आजवर एकही सापडलेली नाय!"

मेहुल हुशार. त्यानं ताडलं, हा भला माणूस आपल्याला प्रश्न आणि उत्तरं फोडतोय. "थँक्यू अंकल," असं म्हणून त्यानं भाऊंचा हात दाबला आणि तो आत गेला.

प्रियदर्शिनी परत आली. भाऊ खुशीत. "मोठ्या साहेबांचं स्वागत केलं! तुझं कामच झालं समज!"

दोघं आत गेले. बाहेरच्या बाकावर मोठे साहेब शाल पांघरून बसलेले. त्यांनी सरकून जागा दिली आणि प्रियदर्शिनीला विचारलं, "तुमचा नंबर माझ्यानंतर का?"

भाऊंना घाम फुटला. तेवढ्यात आतून हाक आली आणि मेहुल उठून केबिनमध्ये गेला.

केबिनची प्लायवूडची भिंत छतापर्यंत गेलेलीच नव्हती. आतला शब्दन् शब्द बाहेर येत होता. हेमाली मॅडमनी तोच प्रश्न विचारला. मेहुलनं खणखणीत आवाजात तेच उत्तर दिलं!

"सगळं ओके आहे मॅडम! आजवर एकही चूक सापडलेली नाही!"

भाऊंनी डोक्याला हात लावला. एवढं झकास उत्तर! आपल्या पोरीचं उत्तर! आपणच शाल पांघरवून दुसऱ्याच्या पदरात घातलं! त्यांच्या डोळ्यांपुढे ती पांढरी पावडर उडायला लागली. पुढचं काही त्यांना ऐकूच आलं नाही.

"पोरी, घोटाळा केला मी," ते कसंबसं म्हणाले. "तुझं सगळं त्याला देऊन बसलो. आता तुझ्याकडं काय उरलं गं?"

प्रियदर्शिनीनं त्यांच्याकडे पाहिलं. तिला रागही आला होता आणि हसूही. "अप्पा, ते तुमचं होतं. माझं माझ्याकडंच आहे."

मेहुल बाहेर येऊन पुन्हा बाकावर बसला आणि तिची हाक आली. ती चालली, तशी पांढऱ्याशुभ्र फरशीवर बाकापासून केबिनपर्यंत काळ्या पावलांची रांग उमटली. थेट लक्ष्मीची पावलं, फक्त डांबरी!

"हे काय?" मॅडमचा आवाज.

"सॉरी मॅडम, बॉयलरचा रंग आहे. अप्पांनी सँडल रंगवल्या. अजून वाळल्या नाहीत."

भाऊंनी डोळे मिटले.

"बरं. खरेदीचं बिल आहे, पण पोर्टलवर दिसत नाही. काय कराल? आणि 'सगळं ओके आहे' म्हणू नका, ते आत्ताच ऐकलं मी!"

"सूट त्या महिन्यात धरणार नाही मॅडम. विकणाऱ्याला फोन करीन. तो बिल चढवेपर्यंत वेगळं नोंदवून ठेवीन, दिसलं की मग धरीन. आमच्या सरांकडे मी असे फोन करायचे. एक व्यापारी तर माझा नंबर बघून फोन कट करायचा, म्हणून मी त्याच्या दुकानातच जाऊन बसले."

"मग?"

"त्यानं आधी चहा पाजला, मग बिल चढवलं."

मॅडम हसल्या. भाऊ कान देऊन ऐकू लागले.

"चूक झालीय कधी?"

"झालीय. एका हार्डवेअरवाल्याचं विक्रीचं बिल मी दोनदा धरलं. पुढच्या महिन्यात जुळवताना माझ्याच लक्षात आलं. सरांना सांगितलं, ओरडा खाल्ला आणि दुरुस्ती केली. मॅडम, अनुभव चारच महिन्यांचा आहे. पण जे येत नाही ते येत नाही म्हणून सांगते आणि शिकते."

पुंजारामभाऊंनी उभ्या आयुष्यात असं ऑडिट पाहिलं नव्हतं. सगळा गंज उघडा, आणि पोरगी ताठ बसलेली! त्यांचे डोळे एकदम भरून आले. ही एवढी शहाणी कधी झाली? कुणी शिकवलं हिला? आपण तर नक्कीच नाही! त्यांना तिथल्या तिथे उठून शिट्टी मारावीशी वाटली. खिशात होतीसुद्धा, पण कधी नव्हे ते त्यांनी स्वतःला आवरलं.

थोड्या वेळानं मॅडम स्वतः तिला सोडायला बाहेर आल्या. "सोमवारपासून ये," त्या म्हणाल्या.

भाऊ हात जोडून उभे राहिले. मॅडमनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा फरशीवरच्या पावलांकडे पाहिलं, आणि दारातून बाहेर पडणाऱ्या, नारळ काखेत मारलेल्या मेहुलकडे पाहिलं. मग त्या प्रियदर्शिनीला हळूच, पण भाऊंच्या कानावर पडेल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "आणि हे बघ, येताना एकटीच ये!"

रिक्षात बसेपर्यंत भाऊंनी दम धरला. मग शिवाजीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पाहिलंस? पोरगी एका फटक्यात पास! आणि मॅडम किती भल्या! मला उगीच हेलपाटा नको, म्हणून मुद्दाम सांगून ठेवलं!"